तिसरा जीव

मायकेलमसच्या, म्हणजे सप्टेंबरअखेरच्या सणाच्या आदल्या दिवशी टॅमझिन वेबरनं धाकट्या लेकाचा निळा कोट पेटीतून काढला, अंगणातल्या दोरीवर टाकला आणि छडीनं झोडपून त्याची धूळ उडवली. बटणं सगळी जागच्या जागी होती. कसर कुठं लागलेली नव्हती. तिनं कॉलर सारखी केली आणि समाधानानं मान हलवली.

"उद्या कोर्टात हाच घालेल तो," ती म्हणाली.

तिची सून प्रूडेन्स दारात सफरचंदं निवडत बसली होती. प्रूडेन्स म्हणजे माझी आजी. ही सगळी हकीकत मी तिच्याच तोंडून, या इथं, याच चुलीपुढं बसून ऐकली. तिनं हातातलं फळ टोपलीत टाकलं. "आई, कोट आहे हो. पण आत घालायला माणूस कुठून आणायचा?"

"तुला काय करायचंय? तू सफरचंदं निवड."

अशी होती ती बाई. आमच्या खोऱ्यात तिच्याइतकी ताठ मान दुसरी नव्हती. चर्चमध्ये गुडघे टेकायची तेसुद्धा देवावर उपकार केल्यासारखी, असं लोक मागं बोलायचे. पण ताठ्याला कारणही होतं. थॉर्नकूमच्या, म्हणजे आमच्या शेताच्या, लाल मातीतलं पहिलं कुंपण तिच्या सासऱ्यानं घातलं, आणि ती जमीन पुढच्या पिढीला मिळेल याची तजवीज तिनं स्वतः केली होती.

आमच्याकडं जमिनीचा पट्टा वर्षांवर मिळत नाही, जिवांवर मिळतो. हवेलीच्या मालकाला, म्हणजे जमीनदाराला, तीन माणसांची नावं सांगायची. त्या तिघांतला एक जरी श्वास घेत असला तरी शेत, घर, गुरं सगळं आपलं. तिसरा गेला, की त्याच दिवशी सगळं परत हवेलीचं. मग घरात पोरंबाळं असोत की म्हातारी माणसं असोत, कुणी विचारत नाही.

टॅमझिनच्या नवऱ्यानं, सायलसनं, पहिलं नाव स्वतःचं दिलं आणि दुसरं थोरल्या रूबेनचं. तिसरं नाव आपल्या भावाचं द्यावं असं त्याच्या मनात होतं. टॅमझिननं ते हाणून पाडलं. पाळण्यात अँब्रोज होता, जेमतेम महिन्याचा. "भाऊ कशाला? हा सगळ्यात लांबचा जीव," ती म्हणाली. कारभाऱ्यानं पाळण्याशी येऊन नाव लिहून घेतलं. त्यानंतर कितीतरी दिवस ती शेजारणींना सांगत होती, "तुम्ही पोरं झुलवता. मी पट्टा झुलवते."

आणि तिनं तो जिवापाड जपला. अँब्रोजनं झाडावर चढायचं नाही, बैलाजवळ जायचं नाही, ओढ्यात उतरायचं नाही. त्याला साधी शिंक आली तरी ती त्याला अंथरुणात घालायची. गावातली पोरं ओरडायची, "बाजूला व्हा रे, पट्टा चालला! पट्ट्याला धक्का लागेल!" रूबेन नांगर धरायचा आणि अँब्रोज बांधावर बसून बघायचा. एकदा त्यानं आईला विचारलं, "मी या घरात करायचं तरी काय?"

"जगायचं," ती म्हणाली. "तुझं काम तेवढंच."

बोलली आणि फसली. तो विशीत आला आणि एके सकाळी बोचकं पाठीला बांधून उभा राहिला. समुद्रापार न्यूफाउंडलंडला कॉड मासे धरायला चाललो म्हणाला. आमच्या खोऱ्यातली निम्मी माणसं दर वसंतात तिकडं जातात. "जगणं हेच काम असेल तर मी माझ्या जागी जगेन, तुझ्या नाही," एवढं बोलून तो निघाला. निळा कोटही नेला नाही. टॅमझिन फाटकापर्यंतसुद्धा गेली नाही. आपण होऊन जाणाऱ्याला पोचवायला जायचं नाही, असा तिचा बाणा.

मग घराचे दिवस फिरले. सायलस तापानं गेला. पुढच्याच वर्षी उतारावर गाडी उलटली आणि रूबेन तिच्याखाली सापडला. उरल्या दोन विधवा, प्रूडेन्सच्या दोन लहान मुली, आणि कुठंतरी पाण्यावर असलेला तिसरा जीव. त्याचा निरोप नाही, सांगावा नाही. बोटी परत यायच्या, इतर पोरं उतरायची. हा तिकडंच हिवाळा काढतोय म्हणे, एवढंच कानावर यायचं. तिसऱ्या वर्षी तेही यायचं बंद झालं.

हवेलीचा कारभारी मिस्टर क्रॉकर वाईट माणूस नव्हता, पण कायद्यानं चालणारा होता. त्यानं टॅमझिनला दारात उभं राहून सांगितलं, "वेबरबाई, मायकेलमसच्या कोर्टात तिसरा जीव हजर करा. नाहीतर कायद्यानं तो मेला, आणि थॉर्नकूम हवेलीचं झालं."

"होईल हजर," टॅमझिन म्हणाली. आणि वर, "सफरचंदाची सायडर घेणार का?" असंही विचारलं. कारभारी गेल्यावर मात्र तिनं दाराची चौकट धरली. पोरींना घेऊन निराधारांच्या गरीबखान्यात जायचं, तिथं केस कापून घ्यायचे, दुसऱ्याचं सूत कातायचं... वेबरांच्या पोरींनी! ते चित्र डोळ्यांपुढं आलं आणि ती बाई आयुष्यात पहिल्यांदा घाबरली.

तर त्या दिवशी कोट झटकून झाल्यावर तिनं डोक्याला शाल गुंडाळली आणि समुद्राच्या वाटेला लागली. प्रूडेन्सला तिच्या चालण्यातच काहीतरी वावगं दिसलं. पोरींना शेजारी सोडून ती मागोमाग धावली.

टेकाडाच्या टोकाला, जिथून खाली नुसतं करडं पाणी दिसतं, तिथं टॅमझिन उभी होती. ऊन कलत होतं. तिचं तोंड समुद्राकडं होतं, आणि ते बघून प्रूडेन्स आणखी जोरात धावली. आमच्याकडं दर्यावर गेलेल्या माणसाचं नाव घेऊन समुद्राच्या दिशेनं कुणी हाक मारत नाही. घरात मारा, शेतात मारा, रडताना मारा. पण पाण्याकडं तोंड करून नाही. घरच्या माणसाची हाक पाण्यावरून गेली, की तो असेल तिथून उठतो आणि सरळ वाटेनं निघतो. आणि सरळ वाट पाण्यातून असते.

"आई, नको!" प्रूडेन्सनं तिचा हात धरला. "अहो, तो जिवंत असला तर?"

"जिवंत असता तर तीन वर्षांत आईला एक निरोप पाठवता आला नसता?"

"आणि नसला तर?"

टॅमझिननं शाल आवळून घेतली. "नसला तरी वेबर आहे," ती म्हणाली. "घरावर वेळ आलीय म्हटल्यावर येईल."

तिनं हात सोडवून घेतला, छाती भरून श्वास घेतला आणि हाक मारली. आजी म्हणायची, ती आवाज मोठा करून ओरडली नाही. शेतातून जेवायला बोलवावं तशी मारली.

"अँब्रोज वेबर! उद्या कोर्टात उभा राहा रे. जमीन जातेय!"

खाली कड्यावर समुद्रपक्ष्यांचा गलका चालला होता. तो थांबला. वारा पडला. कुठूनतरी डांबराचा आणि ओल्या माशांचा वास आला, अगदी जवळ, शेजारी कुणीतरी येऊन उभं राहिल्यासारखा. प्रूडेन्सनं सासूला अक्षरशः ओढत घरी आणलं.

दुसऱ्या दिवशी असं धुकं होतं की दिवसाढवळ्या सरायीत मेणबत्त्या लावाव्या लागल्या. कोर्ट सरायीच्या लांब खोलीतच भरतं. कारभारी टेबलाशी, पुढं बाकांवर सगळे कुळवाडी. टॅमझिन पहिल्या बाकावर जाऊन बसली, मांडीवर निळ्या कोटाची घडी. थॉर्नकूमवर कधीपासून डोळा ठेवून असलेला लेथब्रिज मागून म्हणाला, "वेबरबाई, नुसताच कोट आणलात? का आता कोटाचीपण साक्ष चालते?"

खोली हसली. टॅमझिननं मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही. "तुझ्या अंगात घातला असता लेथब्रिज, पण वेबरांचे खांदे रुंद," ती म्हणाली. हसणं त्याच्यावर उलटलं.

थॉर्नकूमची पाळी आली. भालदारानं दार उघडलं, धुकं आत सरकलं. त्यानं रिवाजाप्रमाणं पुकारा केला. "अँब्रोज वेबर, सायलसचा मुलगा, थॉर्नकूमचा तिसरा जीव... हजर आहे?"

त्यानं दुसऱ्यांदा पुकारलं. लेथब्रिज खाकरला. कारभाऱ्यानं टाक उचलला. प्रूडेन्सनं डोळे मिटले. तिला फक्त आपल्या पोरींची कापलेली डोकी दिसत होती.

तिसरा पुकारा संपायच्या आत धुक्यातून आवाज आला.

"हजर."

तो आत आला. चालत आला, पण पायांचा आवाज झाला नाही. नुसतं टपटप पाणी गळत होतं. अंगात कोळ्यांचा कातडी अंगरखा, केस कपाळाला चिकटलेले, आणि उजव्या मनगटाला मासे धरायची डांबरी दोरी गुंडाळलेली. दोरीचं दुसरं टोक त्याच्यामागं जमिनीवरून घसरत उंबऱ्याबाहेर गेलेलं, बाहेर धुक्यात. दार लावायला भालदार पुढं झाला आणि दोरी बघून तसाच थांबला.

"बाहेर पाऊस आहे का रे?" कुणीतरी कुजबुजलं. पाऊस नव्हता.

कारभारी उभा राहिला. रिवाज असा, की हजर झालेल्या जिवाचा हात कारभाऱ्यानं आपल्या हातात घ्यायचा. मिस्टर क्रॉकरनं तो घेतला, आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. पण माणूस कायद्याचा होता. त्यानं हात सोडला नाही.

"तू अँब्रोज वेबर?"

"हो."

"तू... जिवंत आहेस?"

"मी हजर आहे," अँब्रोज म्हणाला.

"मी विचारलं..."

"हजर आहे मी, साहेब. बोलवाल तेव्हा हजर राहीन."

कारभाऱ्यानं खाली बघितलं. कोर्टापुढं जीव आणून उभा करावा, एवढंच कायदा मागतो. त्यानं घोगऱ्या आवाजात जाहीर केलं, "थॉर्नकूमचा तिसरा जीव हजर. पट्टा चालू." आणि मग हात कितीतरी वेळ पाटलोणीला पुसत राहिला. त्या हाताचा माशांचा वास पुढं मरेपर्यंत गेला नाही म्हणतात.

टॅमझिन उठली. आजी सांगायची, त्या क्षणी तिच्या चेहऱ्यावर जे तेज होतं ते तिनं पुन्हा कधी कुणाच्या चेहऱ्यावर बघितलं नाही. भीती नव्हतीच. बघा रे माझा लेक, असा तो चेहरा होता. तिनं कोटाची घडी मोडली आणि त्याच्या खांद्यांवर घालायला गेली.

तो किंचित मागं सरला. "राहू दे, आई. भिजेल."

एवढंच बोलला. मग वळला, आला तसा धुक्यात गेला. ती दारापर्यंत धावली. बाहेर कुणी नव्हतं. गावच्या वाटेवर ओल्या दोरीचा ओघळ होता, तो सरायीकडून थॉर्नकूमच्या दिशेनं गेला होता आणि फाट्यापाशी गवतात नाहीसा झाला होता.

लेथब्रिज त्या दिवसापासून आमच्या शेताच्या बांधावरूनसुद्धा गेला नाही.

हिवाळ्याच्या तोंडाला बोटी परत आल्या. एका दुपारी जॉब टकर नावाचा दर्यावर्दी घरी आला. अँब्रोज आणि तो एकाच होडीत असायचे. टोपी हातात फिरवत तो चुलीपाशी बसला.

"मावशी, वाईट बातमी आहे. अँब्रोज गेला."

"कधी?" टॅमझिननं विचारलं. ती ब्रेड कापत होती, सुरी थांबली नाही.

"मायकेलमसच्या आदल्या दिवशी. भर दुपारची वेळ, समुद्र तळ्यासारखा शांत. गडी मजेत होता हो. यंदा परत जाणार, आईला भेटणार, म्हणून तुमच्यासाठी हाडाची एक पेटी कोरत होता. निरोप पाठवायचा त्याला धीर होत नव्हता, तोंडानंच बोलेन म्हणायचा. हातात दोरी होती, मासा लागायची वाट बघत होता. एकदम मान वर केली. कुणी हाक मारावी आणि आपण बघावं तशी. म्हणाला, 'आलो, आई.' आणि काठावरून पाय बाहेर टाकला... चालायला लागावं तसा. मी दोरी धरली, पण ती संपेचना. खाली खाली जातच राहिली."

"भर दुपार होती?" प्रूडेन्स कसंबसं म्हणाली. "इथं ऊन कलत होतं..."

"तिकडं सूर्य उशिरा उगवतो, वहिनी. तुमची संध्याकाळ ती आमची अजून दुपार."

सुरी थांबली. टॅमझिननं कापलेला ब्रेड ताटात ठेवला, त्यावर साय घातली आणि ताट टकरपुढं सरकवलं. "खा," ती म्हणाली. "आणि ऐक. तू काहीतरी चुकीचं बघितलंस. माझा लेक दुसऱ्या दिवशी कोर्टात उभा होता. सगळ्या गावानं पाहिलाय. कारभाऱ्यानं त्याचा हात हातात घेतलाय. जा, विचार कुणालाही."

टकरनं तिच्याकडं बघितलं, मग प्रूडेन्सकडं. प्रूडेन्सची नजर खाली होती. त्यानं ताटाला हात लावला नाही. फाटकाबाहेर पडेपर्यंत त्यानं मागं वळूनही पाहिलं नाही, आणि पुढं कधी तोंड उघडलं नाही.

त्या रात्री टॅमझिननं खोलीचं दार लावून घेतलं. सकाळी ती बाहेर आली तेव्हा केस पार पांढरे झाले होते, पण मान तशीच. "मीच बोलावलं," ती सुनेला म्हणाली. "जिवंत पोराला बोलावलं मी. आता पोरींना यातलं काही सांगायचं नाही. काकानं घर राखलं, एवढंच सांगायचं."

वसंतात प्रूडेन्सनं नांगर धरला. वरच्या शेतात फाळ कशालातरी अडला. तिनं माती उकरली, तर डांबरी दोरी. ओली. समुद्र तिथून केवढा लांब! तिनं ओढली, दोरी मातीतून निघत गेली, निघत गेली, संपेचना. मग ती ताठ झाली. आणि दुसऱ्या बाजूनं कुणीतरी ओढली.

प्रूडेन्सची किंकाळी ऐकून टॅमझिन आली. तिनं दोरी हातात घेतली, डोळे मिटले. पुन्हा हलका हिसका आला. म्हातारीच्या गालांवरून पाणी ओघळलं आणि ती हसली.

"आहे," ती म्हणाली. "धरून आहे. बघ कसा धरून आहे माझा लेक! जमीन सोडत नाहीये."

तिनं ती दोरी फाटकाच्या खांबाला बांधली. पुढं जगली तोवर रोज सकाळी जाऊन तिच्यावर तळवा ठेवायची, "आहे" म्हणायची आणि कामाला लागायची. एकदाच, अगदी शेवटच्या आजारात, ती आजीला म्हणाली, "कोर्टात ये म्हणाले गं मी त्याला. घरी ये म्हणायचं राहिलं."

त्यानंतर किती कारभारी आले नि गेले. दर मायकेलमसला पुकारा होतो, आणि दर वेळी तिसऱ्या पुकाऱ्याला दारातून आवाज येतो. नवा कारभारी आला की हटकून एकदाच हात हातात घेतो, दुसऱ्यांदा कुणी घेत नाही. आज तो माणूस शंभरीच्या घरात असायला हवा. हवेलीवाल्यांनी लंडनहून वकील आणून बघितले. जीव हजर होतो म्हटल्यावर पट्टा संपणार कसा? आजूबाजूची सगळी शेतं हवेलीनं गिळली. एकटं थॉर्नकूम वेबरांचं आहे, वेबरांचंच राहणार. या घरात आमच्यापैकी कुणी कधी उपाशी झोपलं नाही, कुणाचे केस कापले गेले नाहीत. गावात आम्ही मान खाली घालून चालत नाही, चालणारही नाही. माझ्या आईच्या या काकासारखा काका दुसऱ्या कुणाला आहे, दाखवा मला.

फाटकाचा खांब तेवढा समुद्राकडं कलतो. दर वर्षी वीतभर. आम्ही दर वर्षी सरळ करतो. रोज सकाळी मी दोरीवर तळवा ठेवते, आणि हिसका येतो.

आज आला नाही. दोरी सैल होती. मातीपर्यंत लोंबत होती आणि खांब आपला आपण सरळ उभा होता. मी जरा ओढून पाहिली, ती सहज हातात येत गेली... धरलेल्या माणसानं आपण होऊन आपल्याकडं चालत यावं, तशी.

मी कुणाला हाक मारलेली नाही. घरातलीही कुणी मारलेली नाही, सगळ्यांना विचारलं.

पण माणूस घरी यायचा असेल तर त्याचा कोट तयार हवा, वेबरांच्या घरी एवढी रीत आहे. मी पेटी उघडली. किल्ली माझ्याच कमरेला होती, पेटी कोरडी होती. निळा कोट काढला, अंगणातल्या दोरीवर टाकला आणि धूळ झटकायला छडी मारली.

धूळ उडाली नाही. पाणी उडालं. ओठांवर आलं ते खारट होतं.